शीर, काळीज आणि पोट : दहावीच्या विज्ञानात मुलगा नेमका कुठे अडतो?

खानापूर तालुक्यातल्या एका गावातून एका आईचं पत्र आलं आहे. मुलगा सातवीपर्यंत गावातल्या मराठी शाळेत शिकला, आठवीला बेळगावातल्या इंग्रजी माध्यमाच्या हायस्कूलमध्ये घातला. यंदा तो एसएसएलसीला, म्हणजे कर्नाटकातल्या दहावीला आहे. गणित बरं आहे, पण विज्ञानात शरीराचा भाग आला की गाडी अडते. डायजेस्टिव्ह सिस्टीम, सर्क्युलेटरी सिस्टीम ही उत्तरं रात्री घडाघडा म्हणून दाखवतो. पेपरात प्रश्न जरा फिरवून आला की कोरा सोडून येतो. मागच्या चाचणीत ‘जेवणातली साखर पायाच्या स्नायूपर्यंत कशी पोचते’ हा चार मार्कांचा प्रश्न त्यानं तसाच सोडला. पुस्तक इंग्रजी, घरी मराठी, आणि सर मध्येच कन्नडमध्ये समजावतात. वडील म्हणतात, विज्ञान त्याच्या डोक्यात शिरायचं नाही, दहावी झाली की आयटीआयला घालू. शेजारच्यांनी शहरातली ट्यूशन सुचवली आहे, पण फी आणि रोजचा बसप्रवास जड जातो. घरात सासूबाईंना शुगर आहे, त्यांचं पथ्यपाणीही या ताईंकडेच. त्या विचारतात : मराठी माध्यम सोडलं ही चूक झाली का? ट्यूशन लावू का? आणि ‘मी स्वतः दहावी नापास, मी त्याला काय शिकवणार?’

ताई,

तुम्ही पत्रात तो चार मार्कांचा प्रश्न लिहिलात हे फार बरं केलंत, कारण दुखणं त्यातच दिसतं. साखर पचनानं मिळते आणि रक्तानं पोचते. हे दोन्ही भाग तुमच्या मुलाला पाठ आहेत. प्रश्न मात्र दोन्हींच्या मधल्या दारात उभा आहे, आणि त्यानं दोन खोल्या पाठ केल्या तरी दार पाहिलेलं नाही. हा दोष इंग्रजीचा नाही. मराठीत पाठ केलं असतं तरी तो इथेच अडला असता.

त्याच्या पुस्तकात बघा. ‘लाईफ प्रोसेसेस’ या एकाच धड्यात पोषण, श्वसन, वहन आणि उत्सर्जन हे चारही भाग घातले आहेत. ते एकत्र का घातलेत, हे मुलांना कुणी विचारत नाही. मुलं धड्याचे चार तुकडे करतात, प्रत्येकाच्या नोट्स वेगळ्या काढतात, आणि शरीर म्हणजे चार वेगवेगळी ऑफिसं असल्यासारखं लिहीत बसतात.

भाषेची अडचण नाही असं मात्र नाही. ती आहे, पण तुम्ही समजता त्या जागी नाही. आपले घरचे शब्द शरीराच्या बाबतीत फार ऐसपैस आहेत. ‘शीर’ घ्या. हातावर हिरवी दिसते ती शीर, कंबरेत दबते तीही शीर, पोटरीत आखडते तीही शीरच. पुस्तकात या तीन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत : पहिली रक्त परत हृदयाकडे नेणारी वाहिनी, दुसरी मेंदूचा निरोप नेणारी चेता, म्हणजे नर्व्ह, आणि तिसरा बहुधा स्नायू किंवा त्याचा कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी. ‘व्हेन’चा अर्थ शीर आणि ‘नर्व्ह’चाही अर्थ शीर असं मनात धरून मूल वाचत असेल, तर नर्व्हमधून रक्त वाहतं असं ते लिहिणारच.

‘काळीज’ तसंच. काळीज धडधडतं तेव्हा ते हृदय असतं, आणि मटणाच्या दुकानात कलेजी मागतो तेव्हा ते यकृत, लिव्हर. ‘पोट’ तर सगळ्यांना सामावून घेतं. पोटात दुखतं, पोटात अन्न जातं, पोटात बाळ असतं. स्टमक म्हणजे जठर, डाव्या बरगड्यांच्या आडोशाला असलेली, जेवणानंतर साधारण लिटरभर मावेल इतकी ताणणारी पिशवी. बाळ असतं ते गर्भाशयात, आणि त्याचा पचनमार्गाशी काही संबंध नसतो. प्रजननाचा धडा वर्गात पुष्कळदा घाईत उरकला जातो आणि घरी तर त्याचं पुस्तकही मिटून ठेवतात. पण या एका शब्दाचा उलगडा तुम्ही सरळ आवाजात करून दिलात, तर त्या धड्याची निम्मी भीड तिथेच जाईल.

सगळ्यात जास्त घोटाळा होतो तो ‘शुद्ध रक्त’ आणि ‘अशुद्ध रक्त’ या जोडीनं. जुन्या मराठी पुस्तकांतून हे शब्द आले आणि अजून सगळ्यांच्या तोंडी आहेत. ‘अशुद्ध’ म्हटलं की मुलाला घाण दिसते. मग फुप्फुस रक्त शुद्ध करतं आणि मूत्रपिंडही रक्त शुद्ध करतं, तर दोघांत फरक काय, हे त्याला सुटत नाही, आणि फुप्फुसातून युरिया, म्हणजे लघवीतून जाणारा टाकाऊ पदार्थ, बाहेर पडतो असं तो लिहून येतो. त्याला ‘ऑक्सिजन भरलेलं’ आणि ‘ऑक्सिजन उतरवलेलं’ असं म्हणायला लावा. फुप्फुसात कार्बन डायऑक्साइड जातो आणि ऑक्सिजन येतो. युरिया आणि जास्तीचं मीठ-पाणी काढण्याचं काम मूत्रपिंडाचं. दोन्ही ठिकाणी रक्त जातं, पण ओझं वेगळं उतरतं.

आता सरांच्या कन्नडबद्दल. ते अडथळा वाटतं, पण पुष्कळ ठिकाणी मदतच आहे. जठर, यकृत, मूत्रपिंड, हृदय हे शब्द कन्नडातही जवळपास हेच आहेत, आणि ‘मेदुळु’ ऐकलं की मेंदू ओळखू येतो. धोका एकाच जोडीत आहे, ती लक्षात ठेवा : कन्नडात आर्टरी, म्हणजे हृदयाकडून रक्त दूर नेणारी वाहिनी, ती ‘अपधमनी’ आणि रक्त परत आणणारी व्हेन ती ‘अभिधमनी’. मराठीत धमनी म्हणजे फक्त आर्टरी. सरांनी ‘अभिधमनी’ म्हटलं की मराठी घरातल्या मुलाच्या कानावर धमनीच पडते आणि आकृतीत रक्ताचा बाण उलटा काढला जातो. एका वहीत तीन रकाने पाडा, मराठी, कन्नड, इंग्रजी, आणि शरीराचे तीस-पस्तीस शब्द त्याच्याच अक्षरात लिहून घ्या. याला दोन रविवार पुरतात.

शब्द सुटे झाले की मग एक घास घ्या आणि तो कुठे कुठे जातो तेवढंच त्याला सांगू द्या. व्याख्या नको, आकृती नको.

तोंडापासून सुरू करा. भातातला पिष्ट पदार्थ, म्हणजे स्टार्च, लाळेतलं अमायलेज नावाचं एन्झाइम, म्हणजे अन्न तोडणारं द्रव्य, तोडायला लागतं. हे घरी दिसतं. पेजेचं वरचं पाणी चमचाभर घ्या, अर्धा कप पाण्यात पातळ करा आणि दोन वाट्यांत वाटा. एका वाटीत चमचाभर लाळ मिसळा. अर्ध्या तासानं दोन्हींत आयोडीनचे दोन-तीन थेंब टाका. मेडिकलमध्ये जखमेला लावायला मिळतं ते चालतं, थोडं पाण्यात पातळ करून. लाळ नसलेली वाटी गर्द निळी-काळी होते, लाळेची होत नाही किंवा फिकी राहते. दोन्ही निळ्या झाल्या तर समजा पेज दाट होती किंवा कढत होती. गरम पेजेत लाळेतलं एन्झाइम मरतं, म्हणून बोट बुडवून पेज कोमट झाल्याची खात्री करूनच लाळ घाला. प्रयोग झाल्यावर वाट्या ओतून टाका आणि स्वच्छ घासा. हाच प्रयोग त्याच्या पुस्तकात टेस्ट ट्यूबच्या भाषेत दिलेला आहे, त्यामुळे मार्कांनाही उपयोगी.

जठरात हायड्रोक्लोरिक आम्ल आणि पेप्सिन हे एन्झाइम, तिथे प्रथिनं फुटायला सुरुवात. पण ‘पचन जठरात होतं’ हे वाक्य खोडून टाका. खरं पचन आणि सगळं महत्त्वाचं शोषण लहान आतड्यात होतं. यकृताचं पित्त तेला-तुपाचे बारीक थेंब करतं, स्वादुपिंडाचा रस उरलेलं तोडतो.

लहान आतडं साधारण ६ मीटर लांब. हा आकडा मुलं पाठ करतात, पण ६ मीटर म्हणजे किती हे त्यांना दिसत नाही. तुमची एक नेहमीची गोल साडी काढा आणि ओटीवर उलगडा. ब्लाउजपीससकट ती साधारण तेवढीच भरते. हे एवढं लांब पोटात मावतं कसं? तुम्ही रोज मावून दाखवता : निऱ्या घालून. आता एका निरीवर बोट फिरवायला सांगा, वर चढायचं आणि खाली उतरायचं. सरळ कापडावर बोट एक वीत गेलं असतं, निऱ्यांवरून गेलं तर तेवढ्याच जागेत कितीतरी जास्त कापडाला लागलं. आतड्याच्या आतल्या पृष्ठावर असेच घडीमागे घडी आणि त्यावर बोटांसारखे उंचवटे असतात, त्यांना विलाय म्हणतात. ‘विलायमुळे शोषणाचं क्षेत्रफळ वाढतं’ हे वाक्य त्याला पाठ असेल. साडीवर बोट फिरवल्यावर ते त्याचं स्वतःचं होईल. तिथेच पुढचा प्रश्न टाका : गोठ्यातल्या गाईचं आतडं वाघापेक्षा लांब का? गवतातलं सेल्युलोज पचायला वेळ लागतो म्हणून. हाही पुस्तकातलाच मुद्दा आहे.

इथे ते मधलं दार येतं. विलायच्या आत केसाहून बारीक रक्तवाहिन्या आहेत, भिंत एका पेशीच्या जाडीची. साखर म्हणजे ग्लुकोज त्यातून रक्तात उतरतं आणि सरळ हृदयाकडे जात नाही. आधी यकृतात जातं. जास्तीची साखर यकृत साठवून ठेवतं. मग रक्त हृदयाच्या उजव्या बाजूला, तिथून फुप्फुसात ऑक्सिजन घ्यायला, परत हृदयाच्या डाव्या बाजूला, आणि मग मोठ्या धमनीतून पायाकडे. बेळगावची सिटी बस सीबीटीवरून एकदा जवळच्या रूटला जाऊन येते, मग लांबच्या रूटला जाते, आणि दोन्ही वेळा स्टँडवर येतेच. रक्ताचंही तसंच, एका फेरीत हृदयात दोनदा. ‘डबल सर्क्युलेशन’ म्हणतात ते एवढंच. फक्त या स्टँडला मध्ये पक्की भिंत आहे, उजवीकडचं रक्त डावीकडच्यात मिसळत नाही. फुप्फुसाकडे जाणाऱ्या धमनीत ऑक्सिजन उतरवलेलं रक्त असतं, कारण हृदयाकडून दूर नेणारी ती धमनी, रक्त कसलंही असो. हा प्रश्न हमखास चुकतो.

हृदयाच्या आकृतीत डावं-उजवं चुकत असेल तर पुस्तक त्याच्या छातीला टेकवून चित्र बाहेरच्या बाजूला धरायला सांगा. चित्राची उजवीकडची बाजू त्याच्या स्वतःच्या डाव्या अंगाला येईल. आकृती नेहमी समोर उभ्या असलेल्या माणसाची असते.

नाडी मोजणं दोन मिनिटांचं काम आहे. अंगठा वापरू नका, अंगठ्याची स्वतःची नाडी लागते. पहिली दोन बोटं मनगटावर, अर्धा मिनिट मोजून दुप्पट. मग विहिरीपर्यंत पळत जाऊन ये म्हणावं, आणि पुन्हा नाडी आणि श्वास दोन्ही मोजा. बसलेल्या मोठ्या माणसाचं हृदय दर ठोक्याला सुमारे ७० मिली रक्त ढकलतं, म्हणजे मिनिटाला जवळपास ५ लिटर. घरातली ५ लिटरची तेलाची रिकामी कॅन दाखवा. शरीरात एकूण रक्तही साधारण तेवढंच, म्हणजे मिनिटाभरात सगळं रक्त एक फेरी मारून येतं.

पायाच्या स्नायूत ग्लुकोज आणि ऑक्सिजन भेटतात, शक्ती सुटते, कार्बन डायऑक्साइड आणि पाणी तयार होतं. पुस्तक ‘रेस्पिरेशन’ म्हणतं ते मुळात हे, पेशीतलं. छाती वरखाली होते तो श्वासोच्छ्वास, ब्रीदिंग. हा कार्बन डायऑक्साइड बाहेर पडलेला दिसायला हवा असेल तर पानाचा चुना घ्या, वाटाण्याएवढा, एक ग्लास पाण्यात ढवळा, झाकण घालून रात्रभर ठेवा. सकाळी वरचं नितळ पाणी अलगद काढा. त्यात स्ट्रॉनं फुंकलं की ते दुधाळ होतं. झाकलं नाही तर हवेतल्याच वायूनं वर साय धरते आणि प्रयोग आधीच फसतो. खूप वेळ फुंकत राहिलं तर दुधाळ पाणी पुन्हा नितळ होतं, तेव्हा दुधाळ झालं की थांबा. पाणी ओढून घ्यायचं नाही आणि डोळ्यात जाऊ द्यायचं नाही, एवढं बजावून सांगा, जवळ थांबा.

राहिलं मूत्रपिंड. दोन्ही मूत्रपिंडं मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात, आणि लघवी होते १ ते २ लिटर. अंगणातलं निळं २०० लिटरचं पिंप त्याला दाखवा : जवळजवळ एवढं गाळलं आणि दीड-दोन लिटर सोडून सगळं परत रक्तात घेतलं. त्यात साखरही सगळी परत घेतली जाते. शौच मात्र उत्सर्जन नव्हे. ते न पचलेलं अन्न. ते पचनमार्गातूनच आलं आणि गेलं, पेशींच्या आत कधी गेलंच नाही. एक्सक्रिशनमध्ये शौचाचा उल्लेख केला की मार्क जातात.

आता सासूबाईंची शुगर. हा विषय घरात आहेच, त्याचाच फिरवलेला प्रश्न करा : शुगर वाढली की आजीला लघवी जास्त का होते आणि तहान का लागते? यात चार संस्था आहेत. पचनसंस्थेनं साखर रक्तात दिली. स्वादुपिंडाचं इन्शुलिन कमी पडतं किंवा शरीर त्याला दाद देत नाही, म्हणजे अंतःस्रावी संस्था. त्यामुळे साखर पेशींत शिरत नाही, रक्तातच राहते. रक्तातली साखर १०० मिलिलिटरला सुमारे १८० मिलिग्रॅमच्या वर गेली की मूत्रपिंडाला सगळी परत घेता येत नाही, ती लघवीत उतरते आणि सोबत पाणी ओढून नेते. पाणी कमी झाल्याचं मेंदूला कळतं आणि तहान लागते, ती चेतासंस्था. लघवीला मुंग्या लागायच्या हे जुन्या लोकांचं निरीक्षण याच कारणाचं. सासूबाईंची तपासणी मात्र रक्ताचीच करत राहा, मुंग्यांवरून काही ठरवू नका. हा प्रश्न मुलानं आपल्या शब्दांत, मराठी-इंग्रजीच्या भेसळीत का होईना, पुरा सांगितला की तो चार मार्कांचा प्रश्न त्याच्या हातचा आहे.

सांधा, हाडं, स्नायू यांवर फार वेळ घालवू नका. प्रौढ माणसात २०६ हाडं, स्नायू ओढतो आणि ढकलत नाही म्हणून तो जोडीनं काम करतो, एवढं माहीत असलं तरी बस. तव्याचा चटका बसल्यावर हात आधी मागे येतो आणि दुखलं हे नंतर कळतं, कारण पहिला निरोप पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूतूनच वळतो. रिफ्लेक्स आर्क यापेक्षा अवघड नाही.

तुमच्या तिन्ही पर्यायांबद्दल स्पष्ट लिहिते. दहावीच्या वर्षात माध्यम बदलू नका. आता बदललं तर नोंदणी, पुस्तकं, आकृतीतली नावं, सगळंच हलेल, आणि अडचण माध्यमाची नाहीच. ट्यूशन वाईट नाही, पण लावण्याआधी एक दिवस बसून पाहू द्या. तिथे फक्त नोट्स लिहून देत असतील तर ती फी वाया. मूल आधीच नोट्सनं भरलेलं आहे. मुलांना प्रश्न विचारू देत असतील आणि तेही जवळ असेल तर विचार करा. रोज दोन तास बसमध्ये घालवून तर नकोच. आयटीआयला तुमचे मालक कमी लेखून बोलले असतील तर ते बरोबर नाही. चांगला इलेक्ट्रिशियन किंवा फिटर ही उत्तम वाट आहे. पण त्या ट्रेडनाही दहावी, गणित-विज्ञान लागतंच. तेव्हा विज्ञान सुटतंय म्हणून तिकडे, हे गणित जुळत नाही. मुलाला हातानं काम करायला आवडत असेल तर जरूर, आणि ते आवडतं की नाही हे त्याला विचारून.

आणि तुम्ही काय शिकवणार? शिकवू नका, विचारा. रात्री जेवताना त्यानं घासाची वाट सांगायची आणि तुम्ही एवढंच म्हणायचं, “पुढे?” तो थांबला की पुन्हा “पुढे?” जिथे त्याला पुढचं सांगता आलं नाही ती जागा वहीत शेवटच्या पानावर लिहून ठेवायची, आणि दुसऱ्या दिवशी सरांना विचारायला तेवढाच प्रश्न न्यायचा, इंग्रजीत किंवा कन्नडमध्ये, जमेल तसा. पहिल्या रात्री तो बहुधा यकृतापाशी अडेल. अडू द्या, उत्तर सांगू नका.